सुट्टीचा वार

मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. त्याआधी कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे सहा वर्षं झगडत होते. १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अशा साध्या मागण्या होत्या. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, तेव्हा दोन कामगार स्त्रियाही उठून बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार, आणि आठवड्यातला एक दिवस कामगाराला स्वतःसाठी व समाजासाठी मिळायला हवा, ही लोखंड्यांची भूमिका आजही सांगितली जाते. सत्यशोधक समाजाच्या या माणसाने सुट्टी मागितली, तीत समाजाचा वाटा धरलेला होता. हा वाटा आपण पार विसरलो आहोत.

हे विसरणं कामथडीसारख्या गावात दिसतं. पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर फाट्याच्या पुढे, कापूरहोळच्या अलीकडे हे गाव लागतं. एका बाजूला खेड शिवापूर, दुसऱ्या बाजूला नीरा ओलांडली की शिरवळ, दोन्हीकडे कारखाने. या पट्ट्यातल्या घराघरांत कुणी ना कुणी शिफ्टला जातं. पुणे परिसरात विजेचा भार वाटून घेण्यासाठी कारखान्यांची सुट्टी गुरुवारवर गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती तिथेच राहिली. त्याचा परिणाम घरात दिसतो. बाप गुरुवारी घरी, तेव्हा पोरं शाळेत. पोरं रविवारी घरी, तेव्हा बाप फर्स्ट शिफ्टला. आणि आईला तर कुठलाच वार सुट्टीचा नाही. उलट माणसं घरी असली की चूल जास्त वेळ पेटलेली राहते.

जुलैत तर सुट्टी शेतात जाते. नाइट शिफ्ट करून आलेला तरुण चहा घेतो आणि तडक खाचरात उतरतो. चिखलणी झालेली असते, बाया वाकून इंद्रायणी भाताची रोपं लावत असतात, हा बांधावरून रोपांच्या मुठी फेकत राहतो. डोळे चुरचुरतात, पण दुपारी बांधावर सगळ्यांबरोबर भाकरी खाताना त्याचा चेहरा खुललेला असतो. याला सुट्टी वाया गेली असं मी म्हणणार नाही. पोटापाण्याचं कामच ते, पण आपल्या माणसांत, आपल्या मर्जीने केलेलं. शीण असतो, उबग नसतो. सुट्टी खरी वाया जाते ती ओटीत, म्हणजे ओव्हरटाइममध्ये. घराचा हप्ता असतो, पोरीची फी असते, नाही म्हणणं जड जातं, हे मला कळतं. पण सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काळ पूर्ण सुट्टीशिवाय कामगाराला राबवू नये, ही मर्यादा १९४८ च्या कारखाने कायद्याने विचार करूनच घातली होती. थकलेल्या हाताचंच बोट मशीन घेतं.

आणि सुट्टी एकत्र घेण्याचं मोल मुंबईचे डबेवाले नीट ओळखतात. मावळ-खेडकडची ही माणसं चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी आठवडाभर काम बंद ठेवतात. सगळे एकदम जातात, म्हणून गाव भेटतं. एकेकटा वेगवेगळ्या वारी गेला असता, तर देवळापुढे कुणीच भेटलं नसतं. सुट्टी चांगली घालवायची म्हणजे छंद जोपासा, वाचा, फिरा, असा सल्ला सगळेच देतात, आणि तो खोटा नाही. पण सुट्टी सर्वांची एकत्र नसेल, तर गावाचं म्हणून काही होत नाही.

असे एकत्र येण्याचे चार दिवस आपल्या हातात आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या दिवशी कारखाने साधारणपणे बंद असतात, आणि ग्रामसभाही बहुधा याच तारखांना भरते. तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही आली नाहीत, तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग नळाची योजना, शाळेची खोली, गावची गायरान जमीन यांचे निर्णय मूठभर माणसं घेतात.

तेव्हा कामथडीच्या, आणि अशा प्रत्येक गावच्या कामगार बंधूंना माझी विनंती आहे: पुढच्या २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर घरी परतू नका. ग्रामसभेत बसा. आणि महिला सभेच्या दिवशी स्वयंपाक तुम्ही करा.