नसलेल्या अंगठ्याचा ठणका

जसं जमेल तसं बसा. डोळे मिटा आणि लक्ष हळूच उजव्या पायाच्या अंगठ्यावर न्या. तो हलवू नका, बघू नका. तरी तो आहे, हे कळतंच. कसं कळतं? या प्रश्नापाशी दोन-चार श्वास थांबा.

आता ज्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, त्यांच्या खाटेशी मनानेच जाऊन बसा. मधुमेहात जखम चिघळली असेल, अपघात झाला असेल. रात्र बरीच झाली आहे. अंगठा कुणीतरी पिरगाळतंय, असं ते म्हणतात. तिथे पांघरूण सपाट आहे. ‘अहो, पाय आहे कुठे?’ हे शब्द तुमच्या ओठांवर येतील. ते तिथेच विरू द्या.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांकडून डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी हेच ऐकलं. १८७१ मध्ये त्यांनी या अनुभवाला ‘फँटम लिंब’, म्हणजे भुताचा अवयव, असं नाव दिलं. नाव भुताचं, पण कळ खरीच. मला हे पुन्हापुन्हा म्हणावंसं वाटतं, कारण घरोघरी अजून ‘मनाचे खेळ’ म्हणून ती उडवून लावली जाते.

लक्ष आता खाटेवरच्या त्या मांडीत आत न्या. अंगठ्याची खबर आणणारी नस अजून तिथे आहे. तुटल्या जागी तिच्या तंतूंची गाठ झाली आहे आणि तिथून आपोआप संदेश उठतात. मेंदू ते जुन्याच पत्त्यावर वाचतो.

भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर ती नस शोधतात. सुईचं टोक तिच्या जवळ येतं, भुलीचं औषध तिच्याभोवती पसरतं. तंतूंमध्ये सोडियम शिरण्याच्या वाटा बंद होतात, संदेश पुढे सरकत नाही. ती शांतता कशी असेल? जरा रेंगाळा इथे.

१९९७ मध्ये जर्मनीतल्या नील्स बिरबाउमर आणि सहकाऱ्यांनी हात गमावलेल्यांच्या दंडाकडच्या नसा अशाच बधिर केल्या. काहींचा ठणका थांबला, आणि हात गेल्यावर मेंदूतल्या हाताच्या जागेकडे सरकलेला ओठांचा नकाशा मागे फिरला. काहींचा ठणका मात्र तसाच राहिला. हेही मनात असू द्या. नस गप्प झाली तरी मेंदू बोलत राहू शकतो.

२०२१ मध्ये १४४ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बारीक नळीतून सहा दिवस नसेपाशी कुणाला औषध, कुणाला नुसतं सलाइन. शून्य ते दहाच्या मापावर आधी दोन्ही गटांची वेदना पाचच्या आसपास होती; चार आठवड्यांनी औषधवाल्यांची सरासरी तीनवर आली होती, सलाइनवाल्यांची साडेचारवरच होती. औषध तर कधीच ओसरलं होतं. सहा दिवसांच्या मौनातून शरीर काहीतरी शिकलं असावं, असं मला वाटतं. ठणका मुळापासून गेला असं नव्हे. पण रात्रभर जागणाऱ्याला विचारा, पाचावरून तीनवर येणं म्हणजे काय.

सावकाश त्या खाटेपाशी परत या. विचारा, ‘नेमकं कुठं दुखतंय?’ त्यांचं बोट सपाट पांघरुणाकडे जाईल. तिकडेच बघा. कसं दुखतं, किती वेळ, कशाने वाढतं, सगळं ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. उद्या भूलतज्ज्ञांना हेच सांगायचं आहे: उजव्या पायाचा अंगठा, पिरगाळल्यासारखा, रात्री.