साक्षीदाराची सही

माणसाने आयुष्यात किती सह्या कराव्यात याला काही सुमार? वीस वर्षे बँकेत काढल्यावर माझी सही आता सही उरलेली नाही. मुंगी शाईत पडावी आणि घाईघाईने घरी निघून जावी, तसा काहीतरी प्रकार कागदावर उमटतो. दुसऱ्यांच्या सह्या मात्र मी डोळ्यांत तेल घालून तपासतो. जिंतूरच्या काउंटरवर "साहेब, सही मीच केलीय हो, मी समोर उभा आहे की!" असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्यालाही मी परत पाठवलेले आहे. तरीसुद्धा माझीच एक सही मला अधूनमधून टोचत असते.

झाले असे की, धाकट्या बहिणीच्या मुलाने सैन्यात अधिकारी व्हायचे ठरवले. संभाजीनगरला, ते औरंगाबाद होते तेव्हापासून, म्हणजे 1977 पासून, सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथे त्याने अकरावी-बारावी केली, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची 900 गुणांची लेखी परीक्षा दिली, मुलाखतीचे पाच दिवसही निभावले आणि एके दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आला. बहीण म्हणाली, "दादा, तू बँकेत आहेस. वाच बरं, काय काय लिहिलंय."

वाचले. पोराने मध्येच स्वतःहून सोडले तर प्रशिक्षणाचा खर्च भरावा लागेल, हे एक. आणि प्रशिक्षणात इजा झाली तर सरकारकडे भरपाईचा हक्क सांगता येणार नाही हे आम्हांला समजले आहे, हे दुसरे. खाली पालकाची सही.

आता बघा, मी बी. कॉम. आहे. जगातले सगळे विसरलो, पण मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष हा खटला विसरलो नाही. धर्मदास अज्ञान असताना त्याने 20 हजारांसाठी घर गहाण टाकले आणि 1903 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की अज्ञानाचा करार मुळातच रद्द. म्हणजे अठरा वर्षांच्या आतला पोरगा स्वतःच्या सहीने घराची एक वीट गमावू शकत नाही, इतकी कायद्याला त्याची काळजी. आणि प्रबोधिनीत पोरगा साडेसोळाव्या वर्षी जाऊ शकतो! घर त्याचे असूनही त्याला देता येत नाही. मग जीव? तो तरी नेमका कुणाचा? त्याचा म्हणावा तर तो अज्ञान. आईचा म्हणावा, तर आईला तरी तो द्यायचा अधिकार कुणी दिला?

"दादा, तूच कर सही. माझा हात थरथरायलाय."

मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या घरात मोठा पुरुष मीच. पण मी काय केले असेल? चष्मा पुसला आणि म्हणालो, "अगं, वडिलांच्या मागं नैसर्गिक पालक आईच. तुझीच सही लागेल. नियमच आहे तसा." नियम खराच होता. नियम खरा असला की माणूस किती निर्धास्तपणे पळून जाऊ शकतो, हे बँकेत नोकरी केल्याशिवाय कळत नाही. तिने सही केली. मी साक्षीदार म्हणून खाली मुंगी सोडली. जामीनदार निदान बुडतो तरी; साक्षीदाराच्या अंगावर कधी काही येत नाही.

तीन वर्षांनी, मेच्या शेवटी, त्याच्या दीक्षान्त संचलनाला आम्ही दोघे परभणीहून रेल्वेने पुण्याला गेलो. सिंहगड समोर, तलावाचे पाणी बाजूला, आणि मधोमध सुदान ब्लॉकचा घुमट. त्याची हकिकत ऐकून माझ्यातला कारकून हलला. दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढून पडलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ 1941 साली सुदानने एक लाख पौंड दिले. फाळणीत भारताच्या वाट्याला 70 हजार आले, त्यातून ही इमारत. निदान कुणीतरी खात्याला जमा दाखवली म्हणायची!

संचलनाच्या मैदानाला अरुण खेत्रपालांचे नाव आहे. 1971 च्या युद्धात जळता रणगाडा सोडून येण्याचा आदेश त्यांनी मानला नाही. परमवीर चक्र मरणोत्तर. वय 21. एकविसाव्या वर्षी मी कॉस्टिंगचा पेपर दुसऱ्यांदा देत होतो.

भाचा भेटला. डोके भादरलेले, पाठ अशी ताठ की नमस्काराला वाकला तर मोडेल की काय वाटले. मी विचारले, "भीती वाटायची का रे?"

"वेळच मिळत नव्हता, मामा."

मग त्याने रगड्याच्या गोष्टी सांगितल्या. एकाच्या बुटाला पॉलिश नाही, की सगळ्यांनी कोलांट्या मारायच्या. एकाला उशीर, की सगळ्यांच्या सायकली डोक्यावर. मी चिडलो. आमच्याकडे कॅशमध्ये शंभर रुपये कमी आले तर ते ज्याचे त्याच्या खिशातून जातात. शेजारचा बिस्किटही सोडत नाही. याला न्याय म्हणतात! "एकाची चूक आणि शिक्षा सगळ्यांना, हा कुठला न्याय?"

तो हसला. "पहिले दोन महिने मीही हेच म्हणायचो. नंतर चूक कुणाची हे कुणी बघेनासं झालं. कोलांट्या मारायच्या आणि निघायचं."

परतीच्या गाडीत बहीण झोपली आणि माझ्या डोक्यात भलतेच चक्र सुरू झाले. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे युद्धाची मागणी होतेच. डबा उघडला की सीमा ओलांडायची, ताक पिऊन परत यायचे. शिवाजी जन्मावा, पण शेजारच्या घरात, ही म्हण आम्ही शेजाऱ्याला ऐकवतो. आरडाओरडा आम्ही सगळ्यांनी करायचा आणि कोलांटी मारायला कुणाचा तरी एकच पोरगा. प्रबोधिनीतला न्याय मला अन्याय वाटला होता. मग या आमच्या व्यवहाराला काय म्हणायचे, ते बी. कॉम.ला शिकवलेले नव्हते.

बहीण जागी झाली तेव्हा मी म्हणालो, "त्या वेळी सही मी करायला पाहिजे होती."

"नियम होता ना," ती म्हणाली, आणि मला शेंगदाण्याची पुडी दिली. तिने टोमणा मारला की नाही, हे मला परभणी येईपर्यंत कळले नाही. अजूनही कळलेले नाही.

आता माझी मुलगी बारावीत आहे. 2022 पासून प्रबोधिनीत मुलींनाही घेतात, पहिली तुकडी 2025 च्या मे महिन्यात बाहेर पडली, हे तिने मला तारखेसकट सांगितले. परवा रात्री तिने माझ्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. खाली पालकाची सही. या खेपेला नैसर्गिक पालक मीच, जिवंत आणि हजर. मी पेन झटकून पाहिले.

"चालतंय ते, बाबा," ती म्हणाली. "मी आत्ताच चालवून बघितलं."