मोडण्यासाठी लागणारी ऊर्जा

पोटात अन्नातली प्रथिने पचतात, तेव्हा त्यांचे बंध तोडायला वेगळी ऊर्जा मोजावी लागत नाही. मग पेशीने स्वतःचीच प्रथिने मोडताना ती का खर्चावी? 1953 साली मेल्विन सिम्पसन यांना यकृताच्या पातळ कापांवरील प्रयोगांत हा खर्च दिसला होता. पण जीवशास्त्राचे लक्ष तेव्हा प्रथिने घडतात कशी, याकडे होते. मोडतोड ही नुसती साफसफाई समजली जाई. इतका नेमका प्रश्न पंचवीसेक वर्षे कडेला पडून राहिला, याची मला आजही हळहळ वाटते.

हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले अव्राम हर्श्को, त्यांचे विद्यार्थी आरोन चिकानोव्हर आणि फिलाडेल्फियाचे आयर्विन रोझ यांनी तो सोडवला. जे प्रथिन मोडायचे त्यावर पेशी आधी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी जोडते. हा शिक्का ओळखून प्रोटिअसोम हे पेशीतले कातरयंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करते. शिक्का मारायला ऊर्जा लागते, कारण इथे निवड होत असते. ती करणारी लायगेज विकरे माणसात शेकड्यांनी आहेत. 2004 साली तिघांना नोबेल मिळाले.

निवडीचे मोल किती, हे मला यूबीई3ए या एका जनुकामुळे उमगले. त्याचे लायगेज विकर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सापडले ते कर्करोगाच्या शोधात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पॅपिलोमा विषाणूचे ई6 प्रथिन याच विकराला हाताशी धरते आणि पी53 या राखणदार प्रथिनावर शिक्का मारून घेते. विषाणू स्वतः काहीच मोडत नाही, पेशीचा निर्णय तेवढा फिरवतो.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ हॅरी एंजलमन यांनी 1965 साली तीन मुलांचे वर्णन केले होते: तोल जाणारी चाल, आकडी, न फुटलेली वाचा आणि वारंवार हसू. 1997 साली कळले की या आजाराचे मूळ यूबीई3एच्या बिघाडात आहे. इथे कुणी पळवलेले विकर नव्हते, इथे विकरच नव्हते. मेंदूच्या चेतापेशींत या जनुकाची आईकडून आलेली प्रतच बोलते, वडिलांची प्रत शांत ठेवलेली असते. आईची प्रत बिघडली की त्या पेशींना दुसरा आधार उरत नाही.

वडिलांची ही निरोगी प्रत जागी करता येते, हे 2011 च्या अखेरीस उंदरांच्या चेतापेशींत दिसले, आणि आता तोच मार्ग धरून रुग्णांवर चाचण्या चालू आहेत. मात्र गुणसूत्र 15 चा हे जनुक असलेला भाग आईकडून दुप्पट आला तर स्वमग्नतेची शक्यता वाढते. त्यामुळे प्रत जागी करणाऱ्या औषधाला ती किती जागी करायची, याचाही हिशेब ठेवावा लागतो.