हाक आणि हुद्दा

चकमकीची बातमी देताना आपली वर्तमानपत्रे ‘एक अधिकारी व तीन जवान शहीद’ असे लिहितात, आणि त्या तिघांत एखादा सुभेदार असला तरी तोही ‘जवान’च ठरतो. पंचवीस वर्षे नोकरी झालेला, प्लाटून चालवणारा माणूस आणि गेल्या वर्षी भरती झालेला शिपाई एकाच शब्दात कोंबले जातात, हे खटकत राहते. शिपाई, नाईक, हवालदार, त्यांच्यावर नायब सुभेदार, सुभेदार आणि पलटणीत एकच असणारा सुभेदार-मेजर, ही चढण महाराष्ट्राला समजावून सांगायला नको. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत ती घरोघरी ठाऊक असते. मला बोलायचे आहे ते हुद्दा आणि हाक यांच्यातल्या अंतराबद्दल. हुद्दा वरून येतो, कागदावर. हाक खालून येते आणि ती मागून मिळत नाही.

जर्मन सैन्यात कंपनीच्या मुख्य हवालदाराला शिपाई ‘श्पीस’ म्हणतात, आणि ‘कंपनीची आई’ही म्हणतात. ती मुळात एक नेमणूक आहे, तिची ओळख उजव्या खांद्यावरची पिवळी दोरी. पण रजेपासून घरच्या अडचणीपर्यंत सगळे आधी त्याच्या कानावर जाते. अमेरिकी लष्करात फर्स्ट सार्जंट ‘टॉप’ असतो, मरीन दलातला गनरी सार्जंट ‘गनी’. एवढी जवळीक शिपाई कॅप्टनशी करत नाहीत. जो त्यांच्यातूनच वर चढला आणि तरी त्यांच्यातच राहिला, त्याच्याशीच ती होते. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात निवृत्त हवालदाराला अख्खे गाव ‘मेजर’ म्हणते. त्याच्या कागदपत्रांत काय लिहिले आहे हे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये.

यावर एक आक्षेप वारंवार ऐकू येतो: सुभेदारांचा हा मधला थरच वसाहतीचा अवशेष आहे, तो मोडीत काढावा. इंग्रज अधिकारी आणि देशी शिपाई यांच्यामध्ये कोणीतरी लागत होते म्हणून तो उभा राहिला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत सुभेदार कितीही मुरलेला असो, नुकत्याच आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालीच असे. मल्हारराव होळकरांसारख्यांनी मिरवलेली सुभेदारी तिथवर उतरली होती. स्वातंत्र्यानंतर ‘व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर’चा ‘ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर’ झाला, 1965 मध्ये जमादाराचा नायब सुभेदार झाला. पाट्या बदलल्या, चौकट तीच राहिली. इतिहास म्हणून हे सारे मान्य. निष्कर्ष मात्र मान्य नाही. अधिकारी आज याच देशाचा असला तरी दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. सुभेदाराचे बहुतेक आयुष्य एकाच पलटणीत जाते. कोणता शिपाई थंडीत ढेपाळतो आणि कोण घरची चिंता लपवतो, हे त्याला ठाऊक असते. 1987 मध्ये सियाचिनवरची पाकिस्तानी चौकी मोजक्या साथीदारांसह जिंकणारे बाणासिंग नायब सुभेदार होते. 1965 मध्ये खेमकरणजवळ पॅटन रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद तर कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे हुद्द्याप्रमाणे ज्याच्याकडे राशन आणि सामानाचा हिशेब असायचा असा माणूस. अशा माणसांचा थर दुभाष्यापुरताच होता असे म्हणणे खोटे आहे.

आक्षेपाचे दुसरे टोक मात्र इतक्या सहज मोडत नाही. सुभेदाराला सगळे ‘साहेब’ म्हणतात. बावीस वर्षांचा लेफ्टनंटही पन्नाशीच्या सुभेदार-मेजरला ‘एसएम साहेब’ म्हणतो. आदराचा पुरावा म्हणून हीच गोष्ट पुढे करावी असे वाटते. पण ही हाक खालून आलेली नाही. ती पलटणीची रीत आहे, नव्या अधिकाऱ्याला शिकवली जाणारी. ‘टॉप’ किंवा गावातला ‘मेजर’ यांच्या पंक्तीत ती बसत नाही, आणि विरोधक म्हणतो की अधिकार द्यायचा नव्हता म्हणून मान दिला, तेव्हा त्याला उत्तर देताना माझाच भेद माझ्या आड येतो. सातव्या वेतन आयोगाने लेफ्टनंटला दरमहा 15,500 रुपये लष्करी सेवा वेतन दिले. शिपायाला 5,200 दिले, आणि सुभेदार-मेजरलाही 5,200च. मूळ वेतनाची पायरी वेगळी असते हे खरे. पण हे वेतन लष्करी जीवनाच्या खडतरपणाबद्दल आहे आणि तिथे सुभेदार पुन्हा ‘जवान’च झाला. वाढ मागितली गेली, ती 2018 मध्ये अर्थ मंत्रालयाने नाकारली. म्हणजे बातमीदाराचा दोष मी समजत होतो त्याहून लहान आहे. सरकारी तक्ताही तेच सांगतो.

तेव्हा हा थर मोडण्याऐवजी कागदाने हाकेला गाठले पाहिजे, असे मला आता वाटते. अमेरिकेने ते केले. जबाबदाऱ्या वेगळ्या असलेले ज्येष्ठ सार्जंट एकाच वेतनश्रेणीत अडकले होते, म्हणून 1958 मध्ये कायदा करून त्यांच्यासाठी वरच्या दोन श्रेणी निर्माण झाल्या. आपल्या लष्करालाही ही वाट अनोळखी नाही. निवडक सुभेदारांना मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन हे हुद्दे मिळतात आणि त्याने निवृत्तिवेतनही वाढते. फक्त तो मान नोकरीच्या अगदी अखेरीस मिळतो, प्लाटून दुसऱ्याच्या हाती सोपवायची वेळ आल्यावर.