हात कुणावर उठतो?

गिरणीत मशीनचा दांडा डोक्यात बसला तेव्हा माझा बाप तिशीत होता. टाके निघाले, पण माणूस बदलला. मीठ कमी पडलं की आईला मारायचा, तासाभरानं तिच्याच पायाशी बसून रडायचा. वस्ती म्हणायची, दारूचे गुण. बाप तर थेंब घेत नव्हता.

आता मी तिसऱ्या पाळीला जातो, सुट्टीत मिळेल ते वाचतो. १९९७ साली अमेरिकेत एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांनी ४१ खुन्यांचे मेंदू यंत्रावर तपासले. कपाळामागचा भाग, जो रागाला लगाम घालतो, तो त्यांच्यात मंद निघाला. वाटलं, बापाचाही लगामच तुटला होता. बरं वाटलं. मग आठवलं : मुकादम आईवरून शिव्या द्यायचा, तेव्हा बापाचा हात कधी उठला नाही. तिथं लगाम शाबूत!

मित्रांनो, जखम हात सैल करते. तो कुणावर पडायचा, हे समाजानं आधीच शिकवून ठेवलेलं असतं.

आणि आपल्या जिल्ह्यातलं सोनई? जानेवारी २०१३. मेहतर समाजाची तीन तरणी पोरं. संडासाची टाकी साफ करायला म्हणून बोलावली आणि मारली. एकाचं मराठा मुलीवर प्रेम होतं, एवढंच. निरोप धाडणं, प्रेतं लपवणं, हे काय बिघडलेल्या डोक्याचं काम? रेननंच १९९८ साली दाखवलं, की ठरवून खून करणाऱ्यांचा तो भाग जवळजवळ चारचौघांसारखाच चालतो. जातीला आजारी मेंदू लागत नाही.

तरी उद्या हे यंत्र आधी कुणाच्या डोक्याला लावतील? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यापायी पारध्याचं पोर जन्मतःच चोर ठरलं. १९५२ साली कायदा गेला, फौजदाराची नजर गेली नाही.

म्हणून विज्ञान फेकायचं? नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकांची मापंच पुढं ठेवली, आणि ब्राह्मण-अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे मांडलं. मापाला भिऊ नका, वाचायला शिका.

बापाला डॉक्टर हवा होता, हे मी भांडून सांगेन. पण परवा माझाही हात बायकोवर उठला. माझ्या डोक्यात कुठलाच दांडा बसलेला नाही.