पाठीवर टेकलेला हात

वेरूळचा एखादा म्हातारा शेतकरी आल्याच्या शेतात घसरून पडतो, खुब्याचं हाड मोडतं. आठवडाभर घरीच खाटेवर पडून राहतो आणि मग तीसेक किलोमीटरवरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात येतो. उन्हानं रापलेली काळी पाठ. माकडहाडापाशी जखम होऊ लागलेली असते, पण नुसत्या नजरेला ती सापडत नाही. दाबामुळे होणाऱ्या जखमेची पहिली खूण म्हणजे लालसरपणा, असं परिचर्येच्या विद्यार्थिनी वर्षानुवर्षं शिकत आल्या, तेही बहुतेक गोऱ्या त्वचेची चित्रं पाहून. काळ्या त्वचेवर ही लाली क्वचितच कळते. तिथं बोटं टेकवून आजूबाजूच्या जागेशी ताडून पाहावं लागतं. ऊब वेगळी लागते का? मांस घट्ट झालंय का? दाबलं की दुखतं का?

म्हणजे हात लावावा लागतो. आणि हात कुणी कुणाला लावायचा, यावरच तर आपल्या समाजानं शतकानुशतकं पहारा बसवला होता.

1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात आणलं. त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. पुढं 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभारलं. उच्चवर्णीय घरातल्या विधवांना परिचारिका व्हायला पाठवणं तेव्हा सोपं नव्हतं, कारण परक्याचं अंग पुसणं हे हलक्या जातीचं काम मानलं जाई. त्या काळात भेदभाव उघड होता आणि त्यावरचा उपायही उघडच होता: धीर करून तो मोडायचा.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर विचारानं वळण घेतलं. अमेरिकेच्या परिचारिका मॅडलिन लेनिंजर यांनी रुग्णाची संस्कृती समजून घ्यायला सांगितलं. हेतू चांगला होता, पण त्यातून नव्या चिठ्ठ्याही चिकटल्या: ‘आदिवासी बायका वेणा मुकाट सोसतात’, ‘अमक्या लोकांना आरडाओरडच फार’. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी हे उलटं फिरवलं. परिचारिकेनं आधी स्वतःकडं पाहावं, आणि सेवा सुरक्षित वाटली की नाही हे रुग्णानं ठरवावं. 1992 मध्ये तिथल्या परिचर्या परिषदेनं हा विचार शिक्षणात आणला. या साऱ्या वाटचालीत मला हे पाऊल सर्वांत मोठं वाटतं.

1995 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबादेत वाढलेल्या महझरिन बानाजी यांनी मांडलं, की आपल्या नकळतही मन माणसांना खणांत टाकत असतं. चांगल्या माणसाकडूनही अन्याय होतो, हे त्यामुळे मोकळेपणानं बोलता आलं. तरी ‘नकळत’ची ढाल मला आपल्याकडं धोक्याची वाटते. गुजरात-राजस्थानातल्या दलित मुलांवरचा संघमित्रा आचार्य यांचा 2010 चा अभ्यास आहे. त्यात दिसलं, की औषध देतानाही आरोग्यसेवक त्यांना शिवायचं टाळत होते. यातलं किती नकळत म्हणायचं?

शिवाय मन बदलणं म्हणावं तितकं टिकत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात सुप्त पूर्वग्रह कमी करणारे नऊ उपाय तपासले. काही तासांत, फार तर काही दिवसांत सगळ्यांचा परिणाम ओसरला. एका दुपारच्या कार्यशाळेवर आणि चहा-बिस्किटांवर विसंबून राहणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

म्हणून माझा भर हाताच्या सवयीवर आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत काळ्या त्वचेची पाठ तपासायला ठेवावी आणि हात न लावता ‘त्वचा ठीक’ लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण कापावेत. वेदना किती, हा प्रश्न प्रत्येक खाटेवर त्याच शब्दांत विचारावा आणि उत्तर रुग्ण सांगेल तेच नोंदवावं. आणि वॉर्डातल्या ज्येष्ठ सिस्टरांच्या बोलण्याकडं कॉलेजनं लक्ष द्यावं, कारण विद्यार्थिनी शिकतात ते तिथंच. रात्रपाळीला दोन बायांवर सारा वॉर्ड सोडला, की थकलेल्या तोंडून एका खाटेला ‘काका, कुशीवर वळता का?’ आणि शेजारच्या खाटेला ‘ए म्हाताऱ्या, सरक’ असं निघतं. त्या दोघींच्या जोडीला तिसरी सिस्टर नेमणं हाही पूर्वग्रहावरचाच उपाय आहे, आणि त्याचा खर्च सरकारनं उचलायचा आहे.