लळा आणि पिंजरा

मनुष्यानें जे प्राणी आपल्या घराशीं बांधून घेतले, त्यांतील बहुतेकांकडून त्याला कांहीं ना कांहीं काम करून घ्यावयाचें होतें. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा दाराशीं राखण करतो आणि मांजर उंदरांचा बंदोबस्त करतें. पोपट यांपैकीं कांहींच करीत नाहीं. उलट शेतांतल्या कणसांचा आणि बागेंतल्या पेरूंचा तो उघड शत्रु आहे. असें असूनही शतकानुशतकें आपण त्याला जवळ केलें, तें दोन गोष्टींसाठीं. त्यानें आपल्याशीं बोलावें आणि त्याला आपला लळा लागावा. पहिली गोष्ट शिकवून साधते अशी आपली समजूत आहे. दुसरी नुसत्या शिकवण्यानें साधत नाहीं, हें आपण जाणतों. परंतु ज्याला निघून जाण्याची मोकळीक नाहीं त्याच्या लळ्याला प्रेम म्हणावें कीं नाइलाज, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस सहसा विचारीत नाहीं.

पोपटाचें पिलूं अंड्यांतून बाहेर पडतें तेव्हां तें आंधळें आणि उघडें असतें. आपल्याकडील नेहमीच्या हिरव्या राघूचें पिलूं सुमारें दीड महिना झाडाच्या ढोलींत राहतें आणि आईबाप आपल्या गळ्यांतून काढलेला घांस त्याच्या चोंचींत घालतात. या वयांत जो घांस देतो तो त्याचा आप्त होतो. पक्षी विकणाऱ्यांना हें मर्म चांगलें ठाऊक होतें. म्हणूनच ते पंख न फुटलेलीं पिलें ढोलींतून काढून बाजारांत आणीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळें देशी पोपट पकडणें व बाळगणें हा गुन्हा ठरला, तरी तो व्यापार चोरून चालतोच. कायदा पाळणारीं घरें आतां ऑस्ट्रेलियांतील कॉकटील किंवा आफ्रिकेंतील करडा पोपट अशा परदेशी जातींचीं, पिंजऱ्यांतच जन्मलेलीं पिलें आणतात. जात बदलली, पण पिलाचें परावलंबन जसेंच्या तसें आहे, आणि त्याच्यापासून निघणारा प्रश्नही.

हें पिलूं हातावर आणण्याची जी उत्तम रीत जाणते लोक सांगतात, ती विचार करण्याजोगी आहे. प्रथम कांहीं दिवस पिंजऱ्याजवळ नुसतें बसावें आणि हळू आवाजांत बोलावें. मग दाणा तळहातावर ठेवून थांबावें; मान पुढें करावयाची ती पिलानें आपण होऊन. पुढें बोट त्याच्या पायांपाशीं न्यावें; तें चढलें तर दाणा द्यावा, न चढलें तर बोट मुकाट्यानें मागें घ्यावें. पिलूं अंग आंखडून मागें सरलें, किंवा चोंच उघडून अंगावर आलें, म्हणजे तें 'नको' म्हणत आहे असें समजावें. हा नकार ओळखणाऱ्याकडे तें पुन्हां येतें. मुठींत दाबून लाड करणाऱ्यास चोंचीचा प्रसाद मिळतो. म्हणजे येथें शिष्याच्या आधीं गुरूलाच शिकावें लागतें, आणि त्याचा पहिला धडा नकार ऐकून घेण्याचा असतो.

आतां बोलण्याविषयीं. अर्थ न कळतां घोकलेल्या विद्येला आपण पोपटपंची म्हणतों, आणि आम्हां शिक्षकांच्या तोंडीं तर हा शब्द परीक्षेच्या दिवसांत सारखा असतो. विद्यार्थ्यांना तो लागू पडत असेल. पक्ष्याला तो लावणें अन्यायाचें आहे. व्हेनेझुएलांतील एका लहानशा हिरव्या पोपटावरील संशोधन २०११ मध्यें प्रसिद्ध झालें. त्या पोपटांच्या घरट्यांत प्रत्येक पिलाची स्वतःची अशी वेगळी हांक असते, आणि ती तें आईबापांपासून उचलतें, असें त्यांत दिसून आलें. संशोधकांनीं कांहीं घरट्यांतील अंडीं आपसांत बदलून पाहिलीं, तेव्हां पिलांच्या हांका जन्मदात्यांसारख्या न होतां वाढविणाऱ्यांसारख्या झाल्या. पोपटांच्या जगांत दुसऱ्याचा सूर उचलणें म्हणजे एक प्रकारें त्याच्या कुळांत दाखल होणें होय. आपल्या घरांतलें पिलूं 'विठू विठू' म्हणतें तेव्हां तें देवाचें नांव घेत नाहीं, हें खरें. पण 'मी तुमच्या थव्यांतला आहें' एवढें तें सांगत असावें, असें मानावयास पुष्कळ जागा आहे.

याहून पुढचें उदाहरण अमेरिकेंतील ॲलेक्स नांवाच्या करड्या पोपटाचें. १९७७ मध्यें आयरिन पेपरबर्ग या विदुषीनें त्याला शिकागोजवळच्या एका दुकानांतून आणलें. तिची पद्धति अशी कीं, दोन माणसांनीं पक्ष्यासमोर बसावें. एकानें वस्तु दाखवून विचारावें, दुसऱ्यानें उत्तर द्यावें, आणि उत्तर बरोबर आल्यास तीच वस्तु त्याच्या हातीं पडावी. हें पाहत पाहत ॲलेक्स स्वतः त्या संवादांत शिरला. तो रंग व आकार ओळखूं लागला, सहापर्यंत मोजूं लागला, आणि २००७ मध्यें मरण पावला तोंपर्यंत त्याचे शब्द शंभराच्या घरांत गेले होते. मला या वृत्तान्तांत सर्वांत मोलाचे वाटतात ते त्याचे दोन उद्गार: शिकवणीचा कंटाळा आला म्हणजे तो 'नको' म्हणे, आणि 'परत जायचें आहे' असें सांगे. मात्र तो परत जाई तो पिंजऱ्यांतच.

या ठिकाणीं ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांतील शुकनलिकेचा दृष्टान्त आठवतो. नळीवर बसलेल्या पोपटाच्या भारानें नळी फिरते; तो उलटा होतो, भितो, आणि आपण बांधले गेलों असें समजून नळी अधिकच घट्ट धरतो. तेथें बंधन केवळ भ्रमाचें आहे. पाय सोडले कीं सुटका. हातावर वाढविलेल्या पिलाची स्थिति याहून बिकट आहे. त्याला दार उघडून दिलें तरी कोणतें फळ खावें, ससाण्यापासून कसें लपावें, हें त्याला ठाऊक नसतें. त्याची नळी खरी आहे आणि ती आपण फिरविलेली आहे. म्हणून 'आमचा राघू दार उघडें असूनही जात नाहीं' ही फुशारकी फारशी टिकत नाहीं. त्याचा लळा खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. पण तो खरा असल्यानें आपण निर्दोष ठरत नाहीं, उलट आपलें ऋण वाढतें.

बाणभट्टाच्या कादंबरींत पोपटाचें असेंच एक पोरकें पिलूं आहे. शबर शाल्मलीवर चढून पक्षी मारतो, बाप मरतो, आणि पंख न फुटलेलें तें पिलूं पाचोळ्यांत पडून वांचतें. हारीत नांवाचा मुनिकुमार त्याला पाण्याजवळ नेऊन चोंचींत थेंब घालतो आणि मग आश्रमांत आणतो. त्यानें पिलूं उचललें तें त्याच्या तहानेसाठीं. स्वतःच्या करमणुकीसाठीं नव्हे. आपण पिलूं घरीं आणतों तें बहुधा आपल्या तहानेसाठीं. मुलांची हौस चार महिन्यांत फिटते. पोपट मात्र वीस-तीस वर्षें जगतो, करडा तर याहूनही अधिक. एकटा पडलेला पोपट आपलीं पिसें आपणच उपटून काढतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको.

कोणीं पोपट पाळूंच नये, असें फर्मान काढण्याचा माझा अधिकार नाहीं. रोजचा वेळ, सोबत आणि इतक्या वर्षांची तयारी ज्यांच्यापाशीं नाहीं, त्यांनीं या वाटेस जाऊं नये; आणि जे गेले आहेत त्यांनीं मागें फिरण्याचा विचार करूं नये, एवढेंच माझें म्हणणें आहे. आपल्या भाषेनें यांतला भेद केव्हांच ओळखला आहे. पिलाला लळा लागतो. त्या लागण्यांत त्याचें कर्तृत्व नाहीं. आपण मात्र लळा लावतों, आणि त्या क्रियापदाचे कर्ते आपण आहों.